बाप नरकात, मुलगा तरला : दान्तेच्या निमित्ताने ख्रिस्ती तारणविचाराविषयी काही शंका

नौपाडा_वाचक

आमच्या नौपाड्यातील वाचनमंडळात सध्या इटालियन कवी दान्तेची 'डिव्हाईन कॉमेडी' (नरक, शुद्धिपर्वत आणि स्वर्ग यांतून केलेल्या प्रवासाचे महाकाव्य) इंग्रजी भाषांतरातून वाचणे चालू आहे. मंडळातील बहुतेक जण वारकरी घरांतून आलेले, दोघे-तिघे पक्के नास्तिक आणि ख्रिस्ती एकही नाही. त्यामुळे जिथे आम्ही अडलो आहोत तिथे आपापसांत तर्क लढवीत बसण्यापेक्षा जाणकारांना विचारावे, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण एका बाप-लेकाची आहे. बाप ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो हा तेराव्या शतकातील नामांकित सेनानी. आपली करणी सिंहाची नव्हे तर कोल्ह्याची होती, असे तो स्वतःच सांगतो. म्हातारपणी त्याला उपरती होते आणि तो कमरेला दोर बांधून फ्रान्सिस्कन संन्यासी होतो. पुढे पोप आठवा बोनिफेस त्याला शत्रूचा किल्ला कसा घ्यावा याचा सल्ला विचारतो आणि त्या सल्ल्याचे पाप आगाऊच माफ केल्याची हमी देतो. ग्विदो सांगतो, वचने भरपूर द्या आणि पाळा थोडीच. तो मरतो तेव्हा त्याच्या पंथाचा संस्थापक संत फ्रान्सिस त्याला न्यायला येतो. परंतु एक काळा देवदूत आडवा येऊन म्हणतो की पश्चात्ताप नसेल तर क्षमा नाही, आणि एखादी गोष्ट करण्याची इच्छा व तिचाच पश्चात्ताप ही दोन्ही एकाच क्षणी संभवत नाहीत. वर तो ग्विदोला टोमणा मारतो, मी तर्कशास्त्री असेन हे तुझ्या ध्यानात आले नव्हते वाटते! अशा रीतीने पोपची माफी पदरात असलेला हा संन्यासी नरकाच्या आठव्या वर्तुळात ज्वाळेत गुरफटून पडतो.

मुलगा बुओन्कोन्ते १२८९ साली काम्पाल्दिनोच्या लढाईत पडला आणि त्याचे प्रेत कधी सापडले नाही. स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिपर्वताच्या पायथ्याशी तो दान्तेला आपला शेवट सांगतो. गळ्याला घाव, पायी पळताना मैदानभर रक्ताची धार, आर्कियानोचा ओढा आर्नो नदीला मिळतो तिथे आल्यावर दृष्टी जाते, मरियेचे नाव घेताघेता वाचा जाते आणि तो कोसळतो. देवदूत त्याला उचलतो तेव्हा सैतान ओरडतो की एवढ्याशा आसवासाठी तू याला माझ्या हातून काढून नेतोस! चिडलेला सैतान मग वादळ उठवतो, ओढ्याला पूर येतो आणि मरताना त्याने छातीवर हातांचा जो क्रूस केलेला असतो तो पाण्याच्या लोंढ्यात सुटतो.

हे वाचून होताच मंडळातील एका ज्येष्ठांनी अजामिळाचे नाव काढले. मरतेवेळी मुलाला 'नारायणा' अशी हाक मारणाऱ्या अजामिळावरून यमदूत आणि विष्णुदूत यांच्यात वाद होतो, तो आणि हा प्रसंग अगदी एका साच्यातले वाटतात. मग ख्रिस्ती विचारातही तारण (म्हणजे जिवाचा उद्धार) शेवटच्या श्वासावर ठरते काय? तसे असेल तर आयुष्यभराच्या सदाचरणाला काय किंमत? आणि ज्याने कोणतेही पाप केले नाही, तो दान्तेचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, केवळ ख्रिस्ताआधी जन्मला म्हणून कायमचा स्वर्गाबाहेर का?

तलावपाळी

मी ठाण्यातील जुन्या ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबातला आहे आणि तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये वाढलो आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण हा विषय आमच्या घरात अनेकदा निघालेला आहे.

आधी बापाविषयी. त्या काळ्या देवदूताचा युक्तिवाद चर्चविरोधी वाटला तरी तो चर्चची शिकवण अचूक सांगत आहे. पापनिवेदनात धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारले म्हणजे सारे झाले, असे आम्हांला लहानपणीही कोणी शिकवले नव्हते. केलेल्या पापाचे दुःख, ते पुन्हा न करण्याचा निश्चय, तोंडाने कबुली आणि मग प्रायश्चित्त, एवढे सगळे त्यात यावे लागते. जे पाप अजून घडलेलेच नाही, त्याची क्षमा पोपनेही दिली तरी ती पोकळ.

मुलाच्या बाबतीत मात्र 'शेवटचा श्वास' हा शब्दप्रयोग मला दिशाभूल करणारा वाटतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या ब्रिटिश संन्याशाने असे मांडले की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो. ऑगस्टिन या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाने त्याला कडाडून विरोध केला आणि देवाकडे वळण्याची इच्छादेखील मुळात देवाच्या कृपेनेच होते, अशी भूमिका घेतली; ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत फेटाळले. हा निर्णय ध्यानात ठेवला तर बुओन्कोन्तेचे आसू ही त्याची कमाई ठरत नाही, कारण ते आसूही त्याला दिले गेलेले असते. चाळीस वर्षांचे पुण्य एका पारड्यात आणि आसवाचा थेंब दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेबच नाही.

अजामिळाची आठवण योग्य आहे, पण ती कथा भागवतात जिथे संपते तिथपर्यंत न्यावी. विष्णुदूत निघून गेल्यावर अजामिळाला आपल्या आयुष्याची लाज वाटते, तो गंगाद्वारी जातो, तिथे साधना करतो आणि त्यानंतर वैकुंठाला जातो. बुओन्कोन्तेही लगेच स्वर्गात जात नाही. ज्यांनी पश्चात्ताप लांबणीवर टाकला, त्यांना पर्वताच्या पायथ्याशी तेवढीच वर्षे थांबावे लागते आणि खरा चढ त्यापुढे सुरू होतो. सुटका क्षणात झाली तरी माणूस घडायला वेळ लागतो, हे दोन्ही ग्रंथांना मान्य आहे. फरक असा की अजामिळाने हाक मारली ती मुलाला, नाम आपसूक तोंडी आले. बुओन्कोन्तेने मात्र जिला हाक मारायची तिलाच मारली.

आणखी एक बारीक गोष्ट पाहा. हाच बुओन्कोन्ते खंत करतो की माझी बायको जोव्हान्ना किंवा इतर कोणीही माझी काळजी घेत नाही, म्हणून मी या लोकांत मान खाली घालून चालतो. जिवंतांच्या प्रार्थनेने मृतांची वाट सुकर होते, या श्रद्धेशिवाय या ओळीचा अर्थ लागत नाही. आमच्याकडे २ नोव्हेंबरला लोक कबरी धुऊन-पुसून त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात आणि मिस्सेसाठी आपापल्या मृतांची नावे देतात. ज्या कबरीवर कोणीच येत नाही तिच्यावरही शेजारच्या कबरीचे लोक एखादी मेणबत्ती लावून जातात. कॅथलिक मनाला तारण ही एकट्याने उरकण्याची गोष्ट वाटत नाही, ती अशी.

घोडबंदर_रोड

सगळे वाचले. मला तरी हा निव्वळ वशिल्याचा कारभार वाटतो. या बुओन्कोन्तेने आयुष्यभर लढाया केल्या, माणसे मारली. त्या माणसांना मरताना मरियेचे नाव आठवले नसेल तर ती नरकात आणि हा मात्र पर्वताच्या पायथ्याशी रांगेत उभा! ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय, याचे उत्तर ना भागवतात दिसते ना दान्तेत. कृपा करणाऱ्याने उदार व्हावे, हे ठीक. पण दुसऱ्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

ऐरोली_सेक्टर_८

घोडबंदर यांचा आक्षेप जुना आहे आणि खुद्द येशूच्या श्रोत्यांनीही तो घेतला असता, म्हणून तर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दाखला सांगितला गेला. मळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, नंतर नऊला, दुपारी आणि अगदी संध्याकाळी पाचच्या सुमारासही आणतो, आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. दिवसभर उन्हात राबलेले चिडतात. मी रोज सकाळी ज्या नाक्यावरून जाते तिथे बिगारी, गवंडी आणि रंगारी थापी-ब्रश घेऊन मुकादमाची वाट पाहत उभे असतात, आणि दहा वाजून गेले तरी ज्यांना कोणी नेलेले नसते त्यांचे चेहरे पाहिल्यापासून मला या दाखल्यातील एक वाक्य वेगळे ऐकू येऊ लागले. "तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात?" असे मालक विचारतो तेव्हा ते म्हणतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. म्हणजे उशिरा आलेले आळशी नव्हते. सारखी मजुरी ही कामाची किंमत म्हणून अन्यायाची आहे, हे मान्य. परंतु त्या मजुराच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची असते आणि अर्ध्या मजुरीत ती अर्धीच पेटत नाही.

ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याविषयी मात्र आपण म्हणता ते बिनतोड आहे, आणि लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात ते सुटलेलेही नाही. जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो म्हणतो की माझे अर्धे द्रव्य गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो. 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे' हे उद्गार त्यानंतर येतात. परतफेड करून त्याने तारण विकत घेतले, असे नव्हे, कारण येशू आधी घरी आला आणि तिजोरी नंतर उघडली. पण तिजोरी उघडलीच नसती तर त्या घरात काय घडले असे म्हणायचे?

माझे आजोळ अहमदनगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, तेव्हा प्रॉटेस्टंट बाजूचे दोन शब्द लिहिते. ग्विदोची गोष्ट वाचताना मला प्रॉटेस्टंट पंथाचा जर्मन प्रवर्तक ल्यूथर आठवतो. १५१७ मध्ये त्याने क्षमापत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीविरुद्ध जी ९५ विधाने मांडली, त्यांतील पहिलेच असे आहे की श्रद्धावानाचे अवघे जीवन पश्चात्ताप असावे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून त्याने घेतलेला मुद्दा इतकाच की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नव्हे. उलट याकोबाचे पत्र सांगते की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. या दोन पत्रांवरून युरोपात केवढे रण माजले! अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि आपला स्वीकार केवळ कृपेने होतो, आपल्या गुणांमुळे नव्हे, पण ही कृपाच आपल्याला सत्कर्मांसाठी तयार करते, असे दोघांनीही मान्य केले. मृतांसाठी प्रार्थना आणि शुद्धिस्थान या बाबतींत आम्ही तलावपाळी यांच्याशी आजही सहमत नाही. तरी त्यांनी सांगितलेली ती अनोळखी कबरीवरची मेणबत्ती मला आवडली.

मराठीत हा विषय सर्वांत जवळून पाहायचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे जावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्ट म्हणतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाला. इतकी विदुषी बाई, शास्त्रे मुखोद्गत, संस्कार रीतसर झालेला, आणि तरीही आपल्याला अजून काही लाभलेले नाही हे तिला जाणवते! १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून उपाशी मुली-बायका आणून केडगावला वसवल्या आणि त्या वसाहतीला 'मुक्ती' हे नाव दिले. तिथे प्रार्थना होती, तशा विहिरी, शेती, माग आणि छापखानाही होता. मरणोत्तर काय होईल, याच प्रश्नापाशी ज्यांची चर्चा थांबते त्यांनी केडगावचा हा दिनक्रम एकदा वाचावा. कोणत्याही सर्गापेक्षा तो मला अधिक पटतो.

नौपाडा_वाचक

आपणां सर्वांचा आभारी आहे. बाप-लेकाचा गुंता माझ्यापुरता सुटला. पण ऐरोलीच्या ताईंनी सांगितलेले 'आम्हांला कोणी कामावर लावले नाही' हे वाक्य आता व्हर्जिललाच चिकटून बसले आहे. ज्याला कोणी बोलावलेच नाही त्याचा दोष काय? आणि हा प्रश्न एकट्या व्हर्जिलचा नाही, आमच्या आजा-पणज्यांचाही आहे.

वाशी_निवृत्त

महाविद्यालयात बरीच वर्षे साहित्य शिकवले, त्या अधिकाराने थोडे विस्ताराने लिहितो.

आपला प्रश्न दान्तेने स्वतःच विचारला आहे, आणि तोही जवळजवळ आपल्याच पत्त्यावरून. 'पॅराडिसो' या स्वर्गाच्या भागातील एकोणिसाव्या सर्गात तो म्हणतो की समजा, एक माणूस सिंधू नदीच्या काठी जन्मला. तिथे ख्रिस्ताविषयी बोलणारा, वाचणारा, लिहिणारा कोणी नाही. मानवी बुद्धीला दिसते तेवढे त्याचे सर्व हेतू आणि आचरण चांगले आहे. तो बाप्तिस्म्याविना, श्रद्धेविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? त्याने विश्वास ठेवला नाही यात त्याची चूक कोठे आहे? चौदाव्या शतकातील युरोपियनाच्या लेखी सिंधूचा काठ म्हणजे जगाचे टोक. (ठाणेकरांसाठी एक विषयांतर : दान्ते सप्टेंबर १३२१ मध्ये वारला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले. येथे नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे त्याआधीच राहत होती, असे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तान्तावरून दिसते. म्हणजे ते टोक दान्तेला वाटले तितके रिकामे नव्हते.)

उत्तर देणारा, न्यायी राजांच्या आत्म्यांनी मिळून बनलेला गरुड आधी दटावतो. वीतभर नजरेने हजार मैलांवरचा न्याय करणारा तू कोण? हे उत्तर कोणालाही टाळाटाळ वाटेल आणि मलाही वाटते. पण गरुड तेथे थांबत नाही. 'ख्रिस्त, ख्रिस्त' म्हणणारे पुष्कळ लोक न्यायाच्या दिवशी ख्रिस्ताला न ओळखणाऱ्यापेक्षाही त्याच्यापासून दूर असतील, असे तो सांगतो. पुढच्या सर्गात त्याच्या भुवईत चमकणाऱ्या आत्म्यांत दोन मूर्तिपूजक निघतात, रोमन सम्राट ट्रेजन आणि ट्रॉयचा रिफियस. ट्रेजनसाठी पोप ग्रेगरीने प्रार्थना केल्याची दंतकथा तरी होती. रिफियससाठी काहीच नव्हते. व्हर्जिलच्या महाकाव्यात, ट्रॉय पडते त्या रात्री, तो एका ओळीत मरतो आणि ट्रोजनांत सर्वांत न्यायी असा एक शेरा मिळवतो, बस्स. तेवढ्यावरून दान्ते त्याला स्वर्गात नेतो आणि म्हणतो की श्रद्धा, आशा आणि प्रीती यांनीच बाप्तिस्म्याच्या हजार वर्षे आधी त्याचा बाप्तिस्मा केला. दैवी इच्छा उत्कट प्रेमापुढे हरते, कारण हरण्याचीच तिची इच्छा असते, हे विधानही याच सर्गातील.

चर्चला हे अधिकृतपणे म्हणायला बराच काळ लागला. तिसऱ्या शतकातील सिप्रियनपासून 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र चालत आले होते आणि त्याची झळ खरोखरच्या माणसांना बसत होती. फ्रान्सिस झेवियरने १५५२ मधील एका पत्रात लिहिले आहे की जपानमधील नवख्रिस्ती आपल्या मृत पूर्वजांसाठी रडत; त्यांच्यासाठी प्रार्थना किंवा दान करून काही होईल काय असे विचारत, आणि काही होणार नाही असेच त्याला सांगावे लागे. आपल्या आजा-पणज्यांचा प्रश्न तो हाच. त्यानंतर चार शतकांनी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेच्या प्रेरणेने विवेकाला अनुसरून वागण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही शाश्वत तारण मिळू शकते. सर्व पंथांना हे मान्य नाही. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या आजही जुन्याच भूमिकेवर ठाम आहेत.

घोडबंदर यांच्यासाठी दोस्तोयेव्स्कीच्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मधील ग्रुशेन्का जी लोककथा सांगते ती देतो. एका दुष्ट म्हातारीचे आयुष्यातील एकमेव सत्कृत्य म्हणजे भिकारणीला दिलेला एक कांदा. तोच कांदा पुढे करून देवदूत तिला अग्नीच्या सरोवरातून ओढून काढू लागतो. ते पाहून इतरही तिला धरून वर येऊ लागतात, तशी ती लाथा झाडत ओरडते, 'कांदा माझा आहे, तुमचा नव्हे!' आणि कांदा तुटतो. येथे वशिला नाही आणि हिशेबही नाही. एवढ्याशा कांद्याने सगळे वर आले असते.

आता व्हर्जिल. तो लिंबोत (निष्पाप पण बाप्तिस्मा न झालेल्यांच्या, नरकाच्या पहिल्या वर्तुळात) राहतो याचे कारण पुष्कळदा 'सिद्धान्तापुढे कवीचा नाइलाज झाला' असे दिले जाते, ते मला पटत नाही. शुद्धिपर्वताच्या पायथ्याचा रखवालदार कोण आहे ते पाहा. रोमन राजकारणी केटो! मूर्तिपूजक, ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये आत्महत्या केलेला आणि ज्या सीझरच्या मारेकऱ्यांना दान्ते सैतानाच्या जबड्यात कोंबतो त्याच सीझरचा कट्टर विरोधक. त्याच्यासाठी वाट मोकळी होते, रिफियससाठीही होते, मग व्हर्जिलसाठी ती करणे दान्तेला कठीण नव्हते. ती त्याने मुद्दाम केली नाही. 'पर्गेटोरिओ' या शुद्धिपर्वताच्या भागातील बाविसाव्या सर्गात स्टॅशियस नावाचा कवी व्हर्जिलला सांगतो की तुझ्यामुळे मी कवी झालो आणि तुझ्यामुळेच ख्रिस्ती. रात्री पाठीमागे दिवा धरून चालणारा जसा स्वतः अंधारात राहून मागच्यांना वाट दाखवतो तसा तू. दान्ते येथे व्हर्जिलची योग्यता कमी करत नाही, उलट ती इतकी वाढवतो की त्याला मिळालेला निकाल वाचकाला सहन होऊ नये. 'पॅराडिसो'च्या एकोणिसाव्या सर्गातील प्रश्न तात्त्विक चर्चेतून नव्हे, तर सोबत चालणाऱ्या या माणसामुळे उभा राहतो. व्हर्जिलला आत घेतले असते तर सिंधूकाठच्या माणसाविषयी विचारण्याचे कारणच उरले नसते. तेव्हा आपल्या मंडळाने आधी हा बाविसावा सर्ग वाचावा आणि मग 'इन्फर्नो'चा, म्हणजे नरकाच्या भागाचा, चौथा सर्ग पुन्हा काढावा, असे सुचवतो.